फुटाण्यांबरोबर गेलेला शेवट

मिठाचे कण चिकटलेलं, एका कोपऱ्यात हळदीच्या बोटांनी पिवळं झालेलं ते पान अजूनही डोळ्यांसमोर तसंच उलगडतं... त्याच्यावर माणूस नव्हता, घर नव्हतं, झाड नव्हतं. नुसत्या जाड, काळ्याभोर, या टोकापासून त्या टोकापर्यंत झेपावणाऱ्या रेघा, आणि त्या रेघांच्या मधोमध कुठल्याशा अनोळखी लिपीतली पंज्याएवढी दोन अक्षरं. मोहाडीच्या आठवडी बाजारातून घरी परतताना, कापणीनंतर उघड्या पडलेल्या धानाच्या बांध्यांच्या मधल्या चिंचोळ्या, उंच धुऱ्यावरून चालता चालता पुडीतले फुटाणे संपले, तेव्हा माझी बहीण पुडी फेकून न देता धुऱ्यावरच बसली, तिनं ती उलगडून मांडीवर सपाट केली, त्या दोन अक्षरांवर तळहात टेकवला आणि डोळे मिटले. धानाची गिरणी चालू असली की ती गिरणीच्या भिंतीवर असाच हात टेकवून उभी राहायची.

वैशूताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, आणि आठव्या वर्षापासून बहिरी. एका हिवाळ्यात तिला ताप आला, दहा-बारा दिवस राहिला, आणि उतरताना सगळे आवाजही सोबत घेऊन गेला. बोलायची ती, पण स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नसल्यानं तिचा आवाज कधी एकदम चढायचा, कधी पार तळाशी जायचा, आणि गल्लीतली पोरं नक्कल करायची. गावानं तिचं नाव ‘भैरी’ ठेवून टाकलं. मग हळूहळू ती माझ्याशिवाय कुणाशी तोंडानं बोलेनाशी झाली. घरात काही सांगायचं असलं की मी, दुकानात काही मागायचं असलं की मी, मास्तरांनी काही विचारलं की उत्तर द्यायला मी. ती माझे ओठ वाचायची, म्हणून मी तिच्याशी आवाज न काढताच बोलायची. उरलेलं आमच्या दोघींच्या खुणांत भागायचं. तिचे कान म्हणजे मी — आणि खरं सांगते, त्याचा मला भारी तोरा होता.

तिच्याजवळ एक वही होती, आवाजांची. ऐकू येत होतं तेव्हाचे आवाज तिला आठवत. पण वर्षागणिक ते पुसट होत चालले होते, धुवून धुवून विटलेल्या लुगड्याच्या काठासारखे, आणि त्याचं तिला मनातून भय वाटे. मग ती वही माझ्यापुढं सरकवायची, वर मथळा लिहून... ‘तळ्यावरची टिटवी’, ‘आई तांदूळ पाखडते तेव्हा’, ‘बैल पाणी पितो तेव्हा’. मी कान देऊन ऐकायची आणि खाली लिहायची — टिट्टिव टिट्टिव, फस्स फस्स, सुर्र सुर्र. ती ते ओठांनी पुन्हा पुन्हा म्हणून बघे आणि कधी कधी एकदम तिचा चेहरा उजळे, म्हणजे मी समजायची की सापडला, आत कुठंतरी हरवलेला आवाज सापडला.

पुढच्या बाजाराला ती मला ओढतच फुटाणेवाल्याकडे घेऊन गेली. चिंचेखाली बसणारा, दोऱ्यानं बांधलेला चष्मा लावणारा तो म्हातारा. त्याच्या पाठीशी रद्दीचा ढीग, नागपूरच्या कुठल्याशा होस्टेलातून आलेला.

“बाबाजी, या पानाचं पुस्तक हाय का तुमच्यापाशी?” मी विचारलं.

“हाय ना. पन इंग्रजी हाय पोरी, तुले का समजंल?”

“मले नाई, ताईले पायजे.”

“तिले तं ऐकू येत नाई.”

“वाचाले कान कायले लागते?”

म्हातारा हसला. “जीभ हाय का कातर व तुझी,” म्हणाला, आणि ढिगातून त्यानं ते जाडसर, छोटेखानी पुस्तक काढलं. मोबदल्यात तेवढाच कागद आणून द्यायचा ठरला; आमच्या तिसरी-चौथीच्या वह्या आणि एक जुनं कॅलेंडर देऊन टाकलं. म्हातारा मोठा शिस्तीचा माणूस. तो रद्दीतलं पुस्तक कधी मधूनच फाडत नसे. मुखपृष्ठापासून सुरू करायचा आणि एकेक पान क्रमानं काढायचा. त्यामुळे मुखपृष्ठ आणि पुढची बरीच पानं गेलेली होती, मागचं सगळं शाबूत. आम्ही दोघी हळहळलो... गोष्टीची सुरुवात तेवढी फुटाण्यांबरोबर गावोगाव निघून गेली होती.

त्या हिवाळ्याला कशाकशाचा वास होता! नव्या तांदळाच्या पेजेचा, आंगणात वाळत घातलेल्या लाखोळीच्या डाळीचा, आणि त्या पुस्तकाच्या पानांचा — भाजलेल्या हरभऱ्यात मुरलेल्या शाईचा. शाळेतून मागून आणलेला शब्दकोश मांडीवर घेऊन आम्ही वाचायला बसलो. सगळ्यात मागच्या पानांवर शब्दांची एक यादी होती, अनोळखी वाचकासाठी. मांगा म्हणजे जपानातली चित्रकथा. ती काढतो तो मांगाका. हे असलं सुटं जाडसर पुस्तक म्हणजे तांकोबोन. मुलींसाठीची कथा ती शोजो, मुलग्यांसाठीची शोनेन... हे वाचून ताई म्हणाली, “म्हंजे जेवाच्या पंगतीवानी, बायाइची अलग, मानसाइची अलग.” माणूस लाजला, चिडला, बावचळला की एकदम वीतभराचा होऊन जातो, डोकं भोपळ्याएवढं आणि हातपाय नखाएवढे, त्याला म्हणायचं चिबी. शाळेत आपल्यापुढं असलेल्याला सेनपाई. नावापुढं लाडानं जोडायचं ते चान, आणि ताईला हाक मारायची तर ओनेचान. ओनेचान म्हणताना ओठ आधी गोल होतात आणि मग पसरतात. तळ्याच्या या पाळीवरून त्या पाळीवर मी नुसते ओठ हलवले तरी ताईला कळायचं. तेव्हापासून ती माझी ओनेचान झाली.

पण यादीतले खरे शब्द पुढंच होते. त्या चित्रकथांत आवाज नुसते लिहीत नाहीत, काढतात... घराएवढे, झाडाएवढे, माणसांच्या अंगावरून जाणारे. डोकीडोकी म्हणजे काळीज धडधडणं. झाआ म्हणजे लागलेली झड. आणि एक होता शीन. त्याचा अर्थ लावताना मी शब्दकोश तीनदा उघडला, कारण माझा विश्वास बसेना. शीन म्हणजे काहीच आवाज नसण्याचा आवाज. मी तो तिला सांगितला, तेव्हा तिनं त्या शब्दावर बोट ठेवलं.

“हा मले येते,” ती म्हणाली. “हा एक येते मले. बाकीचे तू लिहून दे.”

गोष्ट साधी होती. पहिल्याच उरलेल्या पानावर एक लहानसं स्टेशन, चारी बाजूंना बांध्या, अगदी आमच्यासारख्या, पाण्यानं भरलेल्या. आणि गाडीच्या दारात मिओ नावाची मुलगी, हातात पिशवी, एक पाय पायरीवर, एक फलाटावर. ती उतरते, वाटेनं घरी येते, धाकट्या बहिणीशी भांडते, दोघी रडतात, मग खूप पानं नुसती घराची, अंगणाची, स्वयंपाकाची येतात, आणि शेवटी दोघी एका ठेंगण्या मेजाशी जेवत बसलेल्या, पायाशी कुत्र्याचं पिल्लू. संवाद नीट जुळत नसत. उत्तर आधी यायचं आणि प्रश्न मागून. पण आमचं इंग्रजी यथातथा, आणि आम्हा दोघींच्या बोलण्यातही उत्तरं प्रश्नाच्या आधीच येत, म्हणून आम्हाला त्यात वावगं वाटलं नाही. सुरुवातीला दिसणारा मोठा कुत्रा मधेच कुठं जातो, तेही आम्ही विचारलं नाही. घरी परत आलेल्या मुलीची गोष्ट आहे, इतकं आम्हाला पुरे होतं. मला तर फारच पुरे होतं.

हरवलेली सुरुवात मग ताईनंच काढायला घेतली. त्या स्टेशनावर उतरण्याआधी मिओ होती कुठं? वहीच्या कोऱ्या पानांवर तिनं एक मोठी इमारत काढली, लांबच लांब खिडक्यांची, आणि त्या खिडक्यांत मुलीच मुली, तोंडं मिटलेली, हात हवेत उचललेले. “हात काहून हलवून राहिल्या?” मी विचारलं. “बोलून राहिल्या,” ती म्हणाली. मला वाटलं, आमच्याच खुणा तिनं तिथं नेऊन ठेवल्या.

उन्हाळ्याच्या तोंडावर शाळेतल्या मॅडम घरी आल्या. नागपूरला बहिऱ्या मुलींची निवासी शाळा आहे, तिथं हातांची भाषा शिकवतात, पुढं चित्रकलाही शिकता येईल, असं सगळं त्यांनी बाबांना समजावलं आणि अर्ज ठेवून गेल्या. जाता जाता ताईला तिच्याच वहीत लिहून दाखवलं — ‘बाबांना विचारलं आहे. ते काय म्हणतात बघू.’

दोन दिवसांनी, दिवेलागणीच्या आधी, अंगणात दावं वळता वळता बाबा म्हणाले, “पल्लवे, तिले इचार बरं. नागपूरच्या शाळेत धाडू का म्हणा.”

मी ताईकडे वळले. बाबांकडे माझी पाठ होती; माझे ओठ फक्त तिलाच दिसत होते. आणि मी विचारलं, नेहमीसारखं, आवाज न काढता...

आम्हाला सोडून कायमची जाशील?

ती दचकली, आणि तिनं जोरजोरात मान हलवली. नाही.

“नाई म्हणते,” मी बाबांना सांगितलं.

बाबांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. “राहू दे मंग,” म्हणाले, आणि अर्ज घडी करून पत्र्याच्या पेटीत गेला. मी खोटं बोलले असं कुणीही म्हणू शकलं नसतं. मी अकरा वर्षांची होते. ती गेली तर मी कुणाचे कान होणार, एवढंच मला कळत होतं, आणि त्या रात्री मी अगदी शांत झोपले, हे आज लिहायलाही लाज वाटते.

तो उन्हाळा मोठा विचित्र गेला. मोहाचा दरवळ आला आणि गेला, तळं आटत आटत मधल्या डबक्यापुरतं उरलं, आणि ताईनं वही माझ्यापुढं सरकवणं बंद केलं. बोलणंही. मला वाटलं, उन्हानं सुस्तावली असेल. ती वाट बघत होती, हे मला फार उशिरा कळलं. बाबा काय म्हणतात याची वाट... अंगणातला तो प्रश्न तिला माझाच वाटला होता, आणि बाबा काहीच म्हणत नाहीत, म्हणजे बाबांनीच नाही म्हटलं, असं ती धरून चालली होती.

धानाची रोवणी लागली. आईसाठी शिदोरी घेऊन आम्ही बांधीवर गेलो होतो. चिखलात पोटऱ्यांपर्यंत उभ्या बाया ओळीनं वाकलेल्या, डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी, आणि उजव्या हातानं एकेक रोप खोवत, एकेक पाऊल मागं मागं सरकत... रोवणी अशीच होते, पाठीकडं चालत. पुढं हिरवं होत जातं आणि माणूस मागं जातो. ताई धुऱ्यावर बसली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीतलं पुस्तक मांडीवर. कितीतरी वेळ ती बायांकडे बघत होती, मग पुस्तकाकडे, मग पुन्हा बायांकडे. एकदम तिनं माझा दंड धरला.

“पल्लू, आपन उलटं वाचलं!”

कित्येक महिन्यांनंतरचा तो आवाज इतका मोठा निघाला की रोवणाऱ्या बायांनी मान वर केली. तिनं पान दाखवलं — पिल्लू. मग दुसरं — मोठा कुत्रा. “पिल्लू आधी. कुत्रा मंग. हे अशी मागं मागं जाते गोष्ट, रोवणीवानी.” आणि आम्ही जो शेवट समजत होतो तिथून, उजवीकडून, ती पानं उलटू लागली. दोघी बहिणी जेवताहेत. पिल्लू वाढतं. घर, अंगण, स्वयंपाक. दोघी रडतात, भांडतात, वाट, स्टेशन. प्रश्न आधी आले, उत्तरं मागून आली. सगळं कसं जिथल्या तिथं बसलं. फाटलेल्या कडेजवळच्या त्या पानावर ती थांबली. एक पाय पायरीवर, एक फलाटावर.

“हे येऊन नाई राहिली,” ती म्हणाली. “हे जाऊन राहिली.”

फुटाणेवाल्यानं सुरुवात नव्हती विकली, शेवट विकला होता... आणि ताईनं वहीत काढलेली ती लांब खिडक्यांची इमारत, ते हात उचललेले, ते गाडीच्या अलीकडचं नव्हतंच, पलीकडचं होतं.

संध्याकाळी बाबा बांधीवरून येऊन बोअरिंगवर पाय धूत होते. ताई ते पान उघडून त्यांच्यासमोर उभी राहिली.

“बाबा, मले असं जाचं हाय. नागपूरले.”

शेजारचे अंगणात आले, इतका तो आवाज चढला होता. बाबा ओल्या पायांनी तसेच उभे. मग तिला ओठ दिसावेत म्हणून सावकाश म्हणाले, “तूच तं नाई म्हणाली होती व, बाई.”

तिनं त्यांचे ओठ वाचले. आणि मग ती माझ्याकडे वळली. नुसती बघत राहिली, आणि त्या बघण्यातून माझी आजवर सुटका झालेली नाही.

“का इचारलं होतं तुनं तिले?” बाबांनी मला विचारलं. मी रडत रडत तो प्रश्न जसाच्या तसा सांगितला. त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी आईला फक्त पेटीतून अर्ज काढायला सांगितलं.

पोळा झाल्यावर ती गेली. उशीर झाला म्हणून शाळेनं तिला एक वर्ग खाली बसवलं, तिच्याहून लहान मुलींत. हा माझ्या प्रश्नाचा दंड. तो तिनं भरला. मोहाडीच्या बसस्टँडवर, खिडकीत बसल्यावर तिनं वही बाहेर काढली. कोऱ्या पानावर मथळा घातलेला होता, ‘बस सुटताना’. वही आणि पेन तिनं माझ्यापुढं धरलं, जणू मधे काही घडलंच नव्हतं. मी हात पुढं केला नाही. का, ते नीट सांगता येत नाही... लाज होती, रागही होता, आणि तिनं मला इतक्या सहज माफ करावं हे सोसवत नव्हतं. ती माझ्या ओठांकडे बघत होती, ओनेचानची वाट बघत. मी मान खाली घातली. बस गेली.

दिवाळीनंतर गावच्या मंडईच्या जत्रेला ती आली तेव्हा तिचे हात बदलले होते. सोबत शाळेतली मैत्रीण होती. दोघींची बोटं पाखरांसारखी भिरभिरत, दोघी खदखदून हसत, आणि मी मधे बसलेली, एक अक्षर कळत नसलेली. तिथं भैरी मी होते. पुढं मी ती भाषा थोडीफार शिकले, पण आमच्या घरच्या खुणा मात्र कुठं, केव्हा विरून गेल्या ते दोघींनाही सांगता येणार नाही.

आता ती नागपूरला तशाच एका शाळेत चित्रकला शिकवते आणि मी इकडं मोहाडीत मराठी. माझ्या वर्गातल्या मुली मोबाइलवर कोरियाच्या चित्रकथा वाचतात, मानह्वा. चीनच्या त्या मानहुआ. त्यांना डावं-उजवं असलं काही नाहीच. वरून खाली बोटानं सरकवत जायचं, विहिरीत पोहरा सोडावा तसं. “मॅडम, तुमाले मांगा मालूम हाय?” एकीनं आश्चर्यानं विचारलं, आणि तिनंच यंदा मिओच्या नावावरून मोबाइलवर शोधून ते जुनं पुस्तक हुडकून दिलं. पार्सल आलं. सवयीनं मी ते डावीकडून उघडलं, तर पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत — थांबा, तुम्ही चुकीच्या बाजूनं सुरुवात करता आहात; जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात. हसता हसता माझे डोळे भरून आले. म्हाताऱ्यानं सगळ्यात आधी फाडलेलं पान हेच असणार. बाजारात कुणीतरी त्यातून फुटाणे खाल्ले असणार.

पुढचं मी वाचलं नाही. पुस्तक घेऊन नागपूरला गेले, ताईच्या खोलीवर. दोघींनी मिळून उजवीकडून सुरुवात केली. फलाटाचं ते पान आलं, उलटलं, आणि समोर त्या जाड काळ्याभोर रेघा, आणि मधोमध ती पंज्याएवढी दोन अक्षरं. कोपऱ्यात बारीक टाइपात अर्थ दिला होता... गाडी निघाल्याचा आवाज. ताईनं त्यावर तळहात टेकवला, पूर्वीसारखाच. मग उठली, कपाटातून वही काढली, आणि एक पान उघडून माझ्यापुढं सरकवलं. ‘बस सुटताना’. खाली कोरं.

“त्याईनं लिहिला,” पुस्तकाकडे बोट करून ती तोंडानंच म्हणाली, तिच्या त्या चढत्या-उतरत्या आवाजात. “तू कवा लिहिशील?”

मी पेन घेतलं. घर्र असं काहीतरी लिहून टाकता आलं असतं. सगळ्याच बस सारख्याच सुटतात. पण तिच्याशी एकदा मी खोटं न बोलता खोटं बोलले होते, आणि एकदाच ते पुष्कळ होतं. मी पेन खाली ठेवलं आणि तिला ओठ दिसावेत म्हणून सावकाश सांगितलं की मला तो आवाज माहीत नाही. बस सुरू झाली तेव्हा मी खाली मान घालून दोन्ही हातांनी कान घट्ट झाकून घेतले होते... ती दिसेनाशी होईपर्यंत.

मग तिनं पेन उचललं, त्या मथळ्याखाली आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं ‘शीन’, आणि वही मिटून चहा ठेवायला उठली.